पुस्तकात नफा, गल्ल्यात खडखडाट: डिचोलीच्या एका डॉक्टर दांपत्याला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात नवरा-बायको दोघं डॉक्टर, एक फिजिशियन आणि एक स्त्रीरोगतज्ज्ञ, वीस खाटांचं इस्पितळ चालवतात. खाणी जोरात होत्या त्या काळात कर्ज काढून बांधलेली स्वतःची इमारत आहे. सीए दरवर्षी थोडा नफा दाखवतो, पण वर्षभरात पगाराची तारीख दहाच्या पुढे सरकली आहे. कॅश क्रेडिटची, म्हणजे रोजच्या खर्चासाठी व्याजाने उचलायच्या पैशाची, मर्यादा वाढवायला बँक राहतं घर तारण मागते आहे, आणि एक कंपनी हप्त्यांवर सीटी स्कॅन बसवून द्यायला तयार आहे. इस्पितळ खरंच बुडतंय का? वाचवायचं तर सुरुवात कुठून करायची?

डॉक्टर, तुम्ही लिहिलंय त्यावरून इस्पितळ अडचणीत आहे, आणि ते या वर्षी अडचणीत आलेलं नाही. मी गेली बरीच वर्षं लहान इस्पितळांचे हिशेब आणि कारभार बघते. पगार लांबायला लागतो तेव्हा आजार जुना झालेला असतो. तरीही तुमच्याकडे रुग्ण येतात, भेट देणारे सर्जन येतात, बँकेचा हप्ता अजून थकलेला नाही. या तीन गोष्टी असताना मी कुणाला आशा सोडायला सांगितलेली नाही. मात्र सुधारणेची सुरुवात नवं कर्ज किंवा नवं यंत्र यांच्यापासून होत नाही. कमावलेला पैसा कुठे अडकतो आणि कुठे गळतो, हे आधी बघायचं.

पहिली गोष्ट, तो नफा. नफा-तोट्याच्या पत्रकात तुम्हा दोघांचा पगार धरला आहे का? इमारतीचं भाडं धरलंय का? बहुतेक डॉक्टर-मालकांच्या पत्रकात या दोन्ही ओळी कोऱ्या असतात. दोन तज्ज्ञ डॉक्टर दिवसरात्र राबतात, स्वतःच्या इमारतीत राबतात, आणि वर्षाअखेर काही लाख उरले की त्याला नफा म्हणतात. तुमच्या जागी बाहेरचे दोन डॉक्टर ठेवले असते तर त्यांना जे द्यावं लागलं असतं ते वजा करून बघा. आकडा उणे आला तर इस्पितळ तुम्हाला पोसत नाही, तुम्ही इस्पितळाला पोसताय. मग घर कशावर चालतं? बहुतेक वेळा घसाऱ्यावर. यंत्रं बदलण्यासाठी जो पैसा बाजूला पडायला हवा तो घरखर्चात जातो, आणि दहा वर्षांनी ऑटोक्लेव्ह (निर्जंतुकीकरणाचं यंत्र) किंवा जनरेटर बंद पडला की नव्यासाठी कर्ज काढावं लागतं.

आता रोखीचं बघू. समजा तुमचं महिन्याचं एकूण बिलिंग १८ लाखांचं आहे आणि खर्च १७ लाख २० हजारांचा. कागदावर ८० हजार उरले. त्या १८ लाखांतले ८ लाख कॅशलेस विम्याचे आहेत असं धरा. विमा कंपनी किंवा तिची टीपीए (तिच्या वतीने दावे तपासणारी संस्था) बिलातून काही ना काही कापते. ८ टक्के कापले म्हणजे ६४ हजार गेले, आणि ते परत येत नाहीत. ८० हजारांचे राहिले १६ हजार. उरलेल्या ७ लाख ३६ हजारांवर १० टक्के आयकराची कपात होते, म्हणजे ७३,६०० रुपये. ही रक्कम बुडत नाही, पण विवरणपत्र भरून परतावा येईपर्यंत हाताला लागत नाही. वर्षभरात असे पावणेनऊ लाखांच्या आसपास रुपये आयकर खात्याकडे बसून राहतात. आणि जे ६ लाख ६२ हजार यायचे, ते दोन-अडीच महिन्यांनी येतात. तोवर पगार, औषधं, वीज आणि हप्ता तुम्ही कुठून देता? कॅश क्रेडिटमधून, म्हणजे व्याजाने. नफ्यातलं इस्पितळ पगाराला महाग होतं ते असं.

हे आकडे माझ्या उदाहरणातले आहेत, त्यांच्या जागी तुमचे घाला. एका संध्याकाळी सीएला बाजूला ठेवून, तुमच्या बिलिंगच्या मुलीला घेऊन बसा. तीन संख्या काढा. एक, बँकेतली आणि गल्ल्यातली शिल्लक रोजच्या खर्चाला किती दिवस पुरेल. वरच्या उदाहरणात रोजचा खर्च साधारण ५७ हजार आहे. ४ लाख शिल्लक असतील तर ते पुरते सात दिवस. पंधरा दिवसांच्या खाली आलं की मी धोक्यात धरते. दोन, विम्याची थकबाकी किती दिवसांची आहे. महिन्याला ८ लाखांची बिलं पाठवता आणि २० लाख यायचे आहेत, म्हणजे ७५ दिवस. तीन, दर शंभर रुपये बिलामागे विमा कंपनीने प्रत्यक्षात किती दिले. ही तिसरी संख्या विचारल्यावर बहुतेक इस्पितळांत शांतता पसरते, कारण कपात कुणी नोंदतच नाही. पैसे आले, जमा केले, फाइल कपाटात गेली.

खाटा भरण्याचं प्रमाण मी मुद्दाम मागे ठेवलं. मालक सगळ्यात आधी तेच सांगतात, आणि फसवतंही तेच. पावसाळ्यात डेंगी-लेप्टोच्या तापाने खाटा भरतात, रुग्ण पाच-सहा दिवस राहतो, नर्सिंग भरपूर लागतं आणि बिल बेताचं होतं. हर्नियाचा रुग्ण दोन दिवसांत घरी जातो आणि खाटेमागे कितीतरी जास्त ठेवून जातो. म्हणून एक खाट एक दिवस वापरल्यावर औषधं आणि डॉक्टरांची फी वजा जाता हातात काय राहतं, ते आजारानुसार काढा. त्यावरून इस्पितळ कशावर जगतंय ते दिसेल.

आकड्यांच्याही आधी माणसांच्या वागण्यात खुणा दिसायला लागतात. औषधांचा वितरक तीस दिवसांची उधारी बंद करून रोख मागतो. फार्मसीत एकदम माल भरायचं सोडून रोज चार-चार स्ट्रिप मागवल्या जातात, त्यामुळे सूट जाते. जनरेटरचा वार्षिक देखभाल करार संपतो आणि नव्याचं कुणी नाव काढत नाही. कॅश क्रेडिट कायम काठापर्यंत भरलेलं असतं. पण माझ्या मते सगळ्यात तीक्ष्ण खूण भूलतज्ज्ञाची आहे. त्यांची फी दोन महिने थकली की ते भांडत नाहीत. त्यांना म्हापशात, फोंड्यात, पणजीत कामं असतातच. तुमच्याकडची तारीख हळूहळू अवघड होत जाते. भूलतज्ज्ञ मिळत नाही म्हणून सर्जन आपला रुग्ण दुसरीकडे नेतो, आणि तुमचं थिएटर रिकामं पडतं. म्हणून पैशाची ओढाताण असते तेव्हा भूलतज्ज्ञाचं देणं मी पहिल्या रांगेत ठेवते.

आणखी एक खूण सरळ धोक्याची घंटा आहे. कर्मचाऱ्यांच्या पगारातून कापलेला पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरला गेला नाही, तर थांबा आणि आधी तो भरा. तो पैसा तुमचा नाहीच. थकबाकीवर वर्षाला १२ टक्के व्याज लागतं, वर दंड, आणि कापून न भरलेल्या वर्गणीबद्दल फौजदारी गुन्हाही होऊ शकतो. अडचणीतल्या मालकाला ही बिनव्याजी उसनवारी वाटते. तिच्याइतकी महाग उसनवारी दुसरी नाही.

आता आपल्या गोव्याचं. इथल्या लहान खाजगी इस्पितळाचा प्रतिस्पर्धी शेजारचा डॉक्टर नाही, फुकट मिळणारी सरकारी सेवा आहे. डिचोलीला आणि वाळपईला सामाजिक आरोग्य केंद्र आहे, म्हापशाला जिल्हा इस्पितळ अर्ध्या तासावर, बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेज (गोमेकॉ), आणि तिथे पोचवायला १०८ ची रुग्णवाहिका. एखाद्या दुर्गम जिल्ह्यात लहान इस्पितळाला अंतराचं जे संरक्षण असतं ते इथे नाही. आमच्या लोकांना चांगलं सरकारी इस्पितळ मिळतं याचा मला आनंदच आहे. पण त्याच्या शेजारी कर्ज काढून इस्पितळ चालवणाऱ्याला आपण कशासाठी आहोत हे ठरवावंच लागतं.

त्यात तुमच्या पट्ट्याला खाणींचा फटका बसला. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या, मग अर्ध्यामुर्ध्या सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज (खाणपट्टे) रद्द केल्यावर १६ मार्चपासून पुन्हा ठप्प. डिचोली, सत्तरी, सांगे इथला ट्रकवाला, गॅरेजवाला, खाणीवरचा कामगार, चहाचा गाडा चालवणारा, या सगळ्यांच्या खिशातली रोकड गेली. तुमच्या इमारतीचा आराखडा त्या रोकडीवर बेतलेला होता. आता तीच कुटुंबं दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या राज्य सरकारच्या आरोग्य विमा योजनेचं कार्ड घेऊन येतात किंवा थेट बांबोळीला जातात, आणि जे तुमच्याकडे येतात त्यातले काही ‘चवथ (गणेशचतुर्थी) झाली की देतो’ म्हणून जातात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पैसे देणारा बदलला आहे, आणि तुमचा कारभार अजून जुन्या गिऱ्हाइकाला धरून चाललाय.

म्हणजे काय करायचं? सुरुवात आधीच कमावलेल्या पैशापासून.

तुमच्या बिलिंगच्या कपाटातून नाकारलेल्या किंवा कापलेल्या वीस-पंचवीस फाइली काढा आणि एकेक उघडा. मी हे काम नेहमी डॉक्टरांना शेजारी बसवून करते, कारण फाइल उघडल्यावर समजावून सांगावं लागत नाही. एका हर्नियाच्या फाइलीत बघितलं ते सांगते. शस्त्रक्रिया उत्तम झालेली, रुग्ण खूश. पण बसवलेल्या जाळीचं स्टिकर केसपेपरवर चिकटवलेलंच नव्हतं. ते रिकाम्या खोक्याबरोबर कचऱ्यात गेलेलं. जाळीची पूर्ण रक्कम कापली गेली. त्याच फाइलीत भुलीच्या नोंदीवर वेळ नव्हती, आणि डिस्चार्ज कार्डावरची दाखल झाल्याची तारीख केसपेपरशी जुळत नव्हती. विमा कंपनीने प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर मुदतीत गेलं नव्हतं, कारण तो ईमेल ज्या पत्त्यावर येतो तो पत्ता नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या फोनवर उघडा होता. यातली एकही चूक वैद्यकीय नाही, आणि एकही दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत.

थिएटरच्या दारात एक कोरा कागद क्लिपबोर्डला लावा: स्टिकर, भुलीची वेळ, सर्जनची सही, आत-बाहेरची वेळ. हे चार रकाने भरल्याशिवाय फाइल वॉर्डात जाणार नाही असा नियम करा, आणि तो सर्जनलाही लागू करा. बिल रुग्ण घरी गेल्यापासून तीन दिवसांत पाठवायचं. महिनाअखेर गठ्ठ्याने नाही. विमा प्राधिकरणाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसची मंजुरी तासाभरात आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आहे. कंपनी वेळ काढत असेल तर आलेल्या-गेलेल्या प्रत्येक संदेशाची वेळ लिहून ठेवा आणि त्या नोंदीवर बोला. तोंडी तक्रारीला कुणी दाद देत नाही. आयकराच्या कपातीसाठी सीएला कमी दराने कपातीचा दाखला मागायला सांगा. तुमच्यासारख्या कमी नफ्याच्या इस्पितळाला तो मिळण्याजोगा असतो, आणि मिळाला तर पुढच्या महिन्यापासून हातात पैसा वाढतो. शिवाय २६एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचं आयकर खात्याचं पत्रक) उघडून कंपन्यांनी कापलेला कर खरंच तुमच्या नावावर भरलाय का ते तिमाहीला ताडून बघा.

दीनदयाळ योजनेत नसाल तर त्याचाही विचार करा. २०१६ पासून ती चालू आहे. किमान पाच वर्षं गोव्यात राहिलेल्या कुटुंबाला तीन माणसांपर्यंत वर्षाला अडीच लाख, आणि चार किंवा अधिक माणसांना चार लाखांपर्यंत संरक्षण मिळतं. पण डोळे मिटून सगळ्या पॅकेजांना हो म्हणू नका. तुम्ही जी शस्त्रक्रिया नेहमी करता तिच्या पॅकेजची रक्कम घ्या, त्यातून सर्जन, भूलतज्ज्ञ, सामान आणि दोन दिवसांचं नर्सिंग वजा करा, आणि पैसे उशिरा येतील असं गृहीत धरून तेवढ्या दिवसांचं व्याजही वजा करा. जे उरतं ते बघून ठरवा.

दुसरी गळती वॉर्डात असते. एक आठवडा रोज संध्याकाळी वॉर्डच्या फडताळातलं सामान मोजा: सलाइनचे सेट, कॅन्युला, सिरिंजेस, कॅथेटर, नेब्युलायझरचे मास्क. फार्मसीतून किती आलं, बिलात किती लागलं, फडताळात किती उरलं. हा हिशेब जुळलेला मी पहिल्या आठवड्यात कुठेच बघितला नाही. बऱ्याचदा कारण चोरी नसतं. रात्रीची सिस्टर एकटी असते, रुग्ण धापा टाकत येतो, ती मास्क फोडते, लावते आणि लिहायला विसरते. तिला ओरडून काही होणार नाही. फडताळावर रुग्णाच्या नावाचे छोटे ट्रे ठेवा, रिकामं पाकीट त्या ट्रेमध्ये टाकायचं आणि सकाळी बिलिंगवाल्याने पाकिटं मोजून नोंद करायची. रात्रीचं लिहिणं तिच्या डोक्यावरून उतरतं, आणि हिशेबही जुळतो. विमा कंपन्या यातल्या काही वस्तूंचे पैसे वेगळे देत नाहीत, ते खरं आहे. पण निदान तुमच्या खोलीच्या दरात त्यांचा खर्च धरायचा किती, हे तरी कळतं.

दर किती वर्षांत बदलले नाहीत? जनरल वॉर्डचा दर तुम्ही लोकांकडे बघून तसाच ठेवला असेल, आणि तो तसाच राहू दे. स्पेशल रूम, प्रक्रिया, ड्रेसिंग, ऑक्सिजन यांचे दर मात्र वर्षातून एकदा बघायलाच हवेत.

आता मुख्य प्रश्न: इस्पितळाने नेमकं काय करायचं? तुमच्याकडे अर्ध्या खाटा प्रसूतीसाठी आहेत, असं मी तुमच्या रचनेवरून धरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत गोव्याचा एकूण प्रजनन दर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, १.३ निघाला. बाळंतपणं कमी होणार, आणि जी होतील त्यातली पुष्कळ सरकारी इस्पितळात किंवा शहरातल्या मोठ्या ठिकाणी. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंच्या हाताला कितीही यश असलं तरी हा ओघ परत फिरायचा नाही. दुसरीकडे, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) मधुमेहाच्या देशव्यापी अभ्यासात गोवा सगळ्यात वर होता: २६.४ टक्के. प्रौढांमध्ये चारांतला एक. हे लोक तुमच्या दाराशी राहतात, वयस्क आहेत, मुलं मुंबई-पुण्याला किंवा परदेशात आहेत, आणि पायाच्या जखमेच्या एका ड्रेसिंगसाठी त्यांना बांबोळीला फेरी मारावी लागते.

इथे तुमच्यासाठी काम आहे. गोमेकॉत शस्त्रक्रिया झाली, टाके ओले आहेत, घरी म्हातारी बायको एकटी. अशा माणसाला आठवडाभर खाट, ड्रेसिंग, इंजेक्शनं आणि फिजिओथेरपी हवी असते. मधुमेही पायाची काळजी, साखर-रक्तदाबाची नियमित ओपीडी, वर्षाची तपासणी, डोळ्यांच्या डॉक्टरांचा आठवड्याचा दिवस. यातल्या कशालाही मोठं यंत्र लागत नाही. तुम्ही फिजिशियन आहात, म्हणजे मुख्य माणूस घरातच आहे. बाईंनी प्रसूती बंद कराव्यात असं मी म्हणत नाही. पण त्यासाठी राखलेल्या दहा खाटांपैकी पाच-सहा या कामाला द्या, आणि स्त्रीरोगाच्या दिवसाभरात होणाऱ्या शस्त्रक्रिया वाढवा.

कारखान्यांकडेही जा. डिचोली आणि पिसुर्ले औद्योगिक वसाहतींतला २१ हजारांपर्यंत पगार असलेला कामगार ईएसआयमध्ये (सरकारच्या कामगार विमा योजनेत) येतो, पण त्याच्या वरच्यांना कंपनीचा गट विमा असतो. शिवाय कामगारांची वार्षिक तपासणी कारखान्यांना करून घ्यावी लागते. त्याचे पैसे ठरलेल्या दराने आणि बऱ्यापैकी वेळेवर येतात. सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या दोडामार्गकडचे लोकही तुमच्या जवळचे आहेत. २०१८ पासून गोमेकॉत गोव्याबाहेरच्यांना शुल्क पडतं, त्यामुळे साध्या दुखण्याला रास्त दराचं इस्पितळ त्यांना जवळ हवंच असतं.

उरलं ते करणं थांबवा. महिन्यातून एखादवेळा वापरलं जाणारं व्हेंटिलेटर, फक्त नावापुरता आयसीयू, ज्याचे रुग्ण शेवटी बांबोळीलाच पाठवता. अशी गंभीर प्रकरणं लवकर आणि स्वच्छ पाठवण्याचं काम नीट करा. त्यात रुग्णाचा जीव वाचतो. काजूच्या हंगामात सत्तरीच्या बाजूने ताप घेऊन आलेल्या बागायतदाराला माकडतापाची (गोचिडीच्या चाव्याने होणाऱ्या तापाची) शंका आली की त्याच दिवशी सरकारी यंत्रणेकडे पाठवायचं. चार दिवस खाट भरलेली राहावी म्हणून थांबवायचं नाही, पैसा कितीही कमी पडत असला तरी.

खाटा कमी करणं म्हणजे हरणं, असं बऱ्याच डॉक्टरांना वाटतं. अमेरिकेत ग्रामीण इस्पितळं तगावीत म्हणून १९९७ च्या कायद्याने लहान इस्पितळांना खर्चावर आधारित पैसे द्यायची सोय केली. तरी २०१० नंतर शंभराहून अधिक ग्रामीण इस्पितळं बंद पडली. म्हणून जानेवारी २०२३ पासून तिथे नवा प्रकार आला: आंतररुग्ण खाटा सोडून द्यायच्या, आपत्कालीन आणि बाह्यरुग्ण सेवा चालू ठेवायची, आणि सरकार महिन्याला ठरावीक रक्कम देणार. आपल्याकडे अशी रक्कम देणारं कुणी नाही, पण खाटा वजा करूनही संस्था जिवंत राहते एवढं त्यातून घ्या. एक मात्र लक्षात ठेवा. दहा लाखांखालच्या लोकवस्तीच्या गावात इस्पितळाच्या विम्याच्या व्याख्येतल्या किमान निकषांत दहा खाटा आणि चोवीस तास पात्र नर्सिंग येतं. वीसवरून बारावर या, आठवर नको. आणि खर्च कापायला निघालात तर रात्रीची सिस्टर कापू नका. तिच्यावर रुग्णाची सुरक्षितता आणि विम्याची पात्रता दोन्ही उभी आहे.

आता सीटी स्कॅन. हप्ता, देखभाल, वीज, तंत्रज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट मिळून महिन्याला ३ लाख धरा. एका स्कॅनमागे १,२०० रुपये सुटले तर नुसतं बरोबरीला यायला २५० स्कॅन हवेत, कामाच्या दिवसाला नऊ-दहा. गेल्या तीन महिन्यांत तुम्ही किती रुग्णांना सीटीसाठी म्हापशाला पाठवलं, ते रजिस्टरमधून मोजा. कंपनीचा माणूस परिसराची लोकसंख्या सांगेल. तुम्ही तुमचं रजिस्टर बघा. आरोग्यसेवेवर जीएसटी नाही, म्हणून यंत्रावर भरलेला जीएसटीही परत मिळत नाही, तो किमतीतच धरा. माझं मत विचाराल तर आत्ता नको. ज्या इस्पितळात पगार दहा तारखेपर्यंत होत नाही, तिथे पाच वर्षांचा नवा हप्ता आणायचा नसतो.

बँकेकडे मात्र आजच जा, हप्ता थकण्याआधी. हप्ता एक दिवस चुकला की खातं पहिल्या ताणाच्या वर्गात जातं, तीस दिवसांनी दुसऱ्या, साठ दिवसांनी तिसऱ्या, आणि नव्वद दिवस उलटले की बुडीत. बुडीत ठरल्यावर मॅनेजरच्या हातात फारसं काही उरत नाही. त्याआधी पुष्कळ असतं. लहान उद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी असेल तर २५ कोटींपर्यंतच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेने २०१६ मध्ये ठरवून दिलेल्या चौकटीत बँकेच्या समितीपुढे स्वतः अर्ज करता येतो: मुदत वाढवणं, हप्ता कमी करणं, कॅश क्रेडिटचा कायम अडकलेला भाग मुदत कर्जात बदलणं. तुमच्या बाबतीत हे शेवटचं बहुधा सगळ्यात उपयोगी पडेल. तुम्ही यंत्रांच्या दुरुस्त्या आणि रंगकाम कॅश क्रेडिटमधून केलंय. पाच वर्षं वापरायची वस्तू रोजच्या खेळत्या पैशातून घेतली की रोजचा पैसा आटतोच.

समितीपुढे जाताना नुसती विनंती नेऊ नका. तेरा आठवड्यांचा रोखीचा तक्ता न्या. आडव्या ओळीत आठवडे, उभ्या रकान्यात येणारा पैसा (रोख, विमा, योजना, कारखाने) आणि जाणारा पैसा (पगार, पीएफ, भूलतज्ज्ञ, औषधं, वीज, हप्ता). विम्याचा पैसा बिलाच्या तारखेला धरायचा नाही, खरोखर येतो त्या आठवड्यात धरायचा. दर सोमवारी मागच्या आठवड्याचा अंदाज आणि प्रत्यक्ष आकडा शेजारी लिहायचा. तीन-चार सोमवार गेले की तुमचा अंदाज खरा ठरायला लागतो, आणि बँकवाल्यालाही तुमच्या शब्दाचं वजन कळतं. चतुर्थीचा महिना वेगळा धरा: बोनस जातो, नेहमीच्या शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या जातात, माणसं रजेवर. तो खड्डा दरवर्षी येतो, तरी दरवर्षी अचानक आल्यासारखा अंगावर येतो.

कर्मचाऱ्यांना खरं सांगा. त्यांना कळलेलंच असतं; वितरकाच्या मुलाशी बोलताना सिस्टरलाच सगळ्यात आधी कळतं. पूर्ण पगार एकदम होत नसेल तर आयांचा, वॉर्डबॉयचा आणि सिस्टरांचा ठरल्या तारखेला करा, बाकीच्यांचा दुसऱ्या हप्त्यात, आणि दोन्ही तारखा आधी सांगून पाळा. तारीख पाळणाऱ्या मालकाला माणसं थांबतात. अनिश्चिततेत चांगली सिस्टर सरकारी जाहिरातीची वाट बघत बसते आणि निघून जाते.

हे सगळं करूनही सहा महिन्यांत शिल्लक पंधरा दिवसांच्या वर गेली नाही आणि तुमचा दोघांचा निम्मा पगारही निघत नसेल, तर इमारत एखाद्या मोठ्या इस्पितळाला किंवा डॉक्टरांच्या गटाला भाड्याने देऊन तिथेच प्रॅक्टिस करणं हा इज्जतीचा मार्ग आहे. देणी तेव्हा फिटू शकतात. तीन वर्षं आणखी रेटलं तर तेही उरत नाही.

आणि घर. वाढीव मर्यादेसाठी घर तारण देऊ नका. इस्पितळाची इमारत तारण आहेच. ती आणि इस्पितळाची येणी यांच्या पलीकडे बँक जे मागते ते तुमच्या कारभारावर विश्वास नाही म्हणून मागते, आणि आज तरी तिच्यापुढे विश्वास ठेवण्याजोगा कागद नाही. गळती तशीच असताना वाढलेली मर्यादा आठ-दहा महिन्यांत पुन्हा काठाला लागेल, तेव्हा मात्र घरही अडकलेलं असेल. आधी कपाटातल्या फाइली, वॉर्डचं फडताळ आणि तेरा आठवड्यांचा तक्ता. पहिले चार सोमवार भरून झाले की तक्ता आणि गेल्या सहा महिन्यांच्या विम्याच्या कपातीची यादी पाठवा. नेमका किती हप्ता परवडतो म्हणून बँकेला सांगायचं, ते त्यावरून काढू.